उजवीकडून पोहा

बुधवारी साडेसहाला इएस्तिन खुर्ची खाली सोडतो.
निळी, चार पट्ट्यांची,
त्यातला एक पट्टा हमखास चिमटतो.
"सॉरी, मिसेस पॅरी."
"तू चिमटलास की पट्टा?"
हा आमचा दर बुधवारचा विनोद.
जुना झालाय, पण अजून चालतो,
माझ्यासारखा नाही.

हा तलाव खाणीतल्या माणसांनी बांधला,
पगारातून आठवड्याला एक पेनी.
माझे आजोबा त्यातलेच. त्यांना पोहता येत नव्हतं.
खाण बंद पडली, कोळशाच्या ढिगांवर गवत आलं,
आणि अख्ख्या वेल्समधलं आमचं हे चिंचोळं खोरं
तरुणांनी रिकामं केलं.
तलाव तेवढा राहिला, फुटक्या हिरव्या फरशांसकट.

काठावर आमचा ऐवज:
इदवालची पांढरी काठी,
मेन्नाचा डावा पाय, पायमोजा तसाच घातलेला,
साबणाच्या डबीत कुणाची तरी श्रवणयंत्रं,
आणि माझी चाकांची खुर्ची, ब्रेक लावून.
पळून कुठं जाणार ती? पण सवय.

मग पाणी घोट्यांना लागतं.
म्हणजे लागताना दिसतं.
घोट्यांना काही कळत नाही, अकरा वर्षं झाली.
मांडीवर एक अदृश्य रेघ आहे,
तिथं पोचल्यावर पाणी मला पहिल्यांदा भेटतं
आणि मी दर वेळी दचकते.

घरी मी त्रेसष्ट किलो.
नर्सच्या वहीत माझ्या नावापुढं लिहिलंय: दोन माणसं लागतात.
इथं दोन बोटं लागतात,
इएस्तिनची, मानेखाली,
आणि थोड्या वेळानं तीही नाही.

डॉक्टरनं कागदावर फायदे दिलेत.
खरे आहेत. बुधवारी रात्री पाय उडत नाहीत,
गुरुवारी ब्लाउजची बटणं माझी मी लावते,
शुक्रवारी मात्र वरचं एक राहतं.
पण मॅक्सेन बोलत नाही आणि पाण्यात तोंड घालून
पाण्याशी काहीतरी लांबलचक बुडबुडतो,
आणि त्याची आई, जी आधी पायरीवर
त्याचा दंड धरून बसायची,
आता बाकावर बसून गरम चहा पिते, गरम असतानाच,
त्याला कागदावर रकाना नाही.

आमच्यासाठी तलाव वेगळा ठेवत नाहीत.
ठेवणार होते. पडदेही लावणार होते.
मीच सभेत म्हणाले, नको, गाव असू दे.

तर गावही असतं. त्यात एमलिन प्रॉसर,
निवृत्त पोस्टमन, चाळीस फेऱ्या, एकही कमी नाही.
गेल्या बुधवारी मी उताणी, हातांनी वल्हवत,
छतावरच्या ओलीचा आकार इदवालला सांगत होते,
आणि डोक्यावर डोकं आपटलं.

"अहो बाई! उजवीकडून पोहा की! डोळे नाहीत का?"

सगळा तलाव गप्प.
इएस्तिनची शिट्टी ओठांपर्यंत गेली.

अकरा वर्षं माझ्याजवळ आल्यावर
माणसं आवाज खाली आणतात, पाळण्याजवळ आणावा तसा.
दुकानात धक्का मी देते, सॉरी ते म्हणतात.
मी काही करायच्या आधीच
मला माफ करून झालेलं असतं.

"डोळे छताकडे आहेत!" मी ओरडले,
आणि माझा आवाज टाइल्सवरून
केवढा तरी मोठा होऊन परत आला.
"पाटी वाचा, मिस्टर प्रॉसर! ही संथ लेन आहे!"

त्यानं चष्म्यावरचं पाणी पुसून पाटी वाचली.
"मला तर कुठं पाटी दिसली नाही," इदवाल म्हणाला,
आणि मेन्ना हसता हसता बुडायला लागली.

प्रॉसरनं माफी मागितली नाही.
बाजूच्या लेनमध्ये गेला
आणि फेऱ्या पहिल्यापासून मोजायला लागला.

रात्री मला गादीवर घेताना सिओनेड म्हणाली,
केसांना क्लोरिनचा वास येतोय. कसं झालं आज?
"भांडण झालं," मी म्हणाले.
ती थांबली, आवाज खाली आणणार होती,
मग माझ्या तोंडाकडे बघून
दिवा तसाच ठेवून पलंगाच्या कडेला बसली:
"कुणाशी? सुरुवातीपासून सांग."